गप्पी की गॅम्बुशिया? आधी पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे : बागेतल्या सिमेंटच्या हौदात डासांच्या अळ्या झाल्या आहेत, शेजारी एक जुनी विहीर आहे, मागे पावसाळ्यात साचणारं डबकं आहे आणि त्यापलीकडून ओढा जातो. यांत गप्पी सोडावेत की गॅम्बुशिया (दोन्ही अळ्या खाणारे छोटे मासे), किती सोडावेत आणि त्याने डास खरोखर थांबतील का?

चारही ठिकाणांचं उत्तर वेगवेगळं आहे. हौदात गप्पी जरूर सोडा. विहिरीत सोडता येतील, पण तिचं पाणी कोण आणि कशासाठी वापरतं ते आधी पाहावं लागेल. डबक्यात सोडलेले मासे वाया जातील. आणि ओढ्यात बाहेरचा कुठलाच मासा सोडू नका. गप्पी नको, गॅम्बुशिया तर मुळीच नको. डास नियंत्रणाच्या कामात लोक मला बहुतेक वेळा 'मासा कोणता' एवढंच विचारतात. पाणी कोणतं आहे हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थ नाही. झाकता येत नाही, ओतून टाकता येत नाही आणि वाहून दुसऱ्या पाण्याला मिळत नाही, असं पाणी माशासाठी योग्य. बाकी सगळीकडे झाकण, जाळी, फावडं किंवा जैविक अळीनाशक ही साधनं जास्त चांगली.

मासा नेमकं काय करतो ते समजून घेतलं की अपेक्षाही ताळ्यावर येतात. तो उडते डास मारत नाही. पाण्यातल्या अळ्या आणि कोष खातो. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, आणि माशाला काम करायला तेवढीच मुदत मिळते. अळीला श्वासासाठी वर यावंच लागतं. ॲनॉफिलीस या हिवतापाच्या डासाची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते; क्युलेक्स (घाण पाण्यातही वाढणारा डास) आणि एडिस (डेंग्यूचा डास) यांच्या अळ्या शेपटाकडची श्वासनळी वर टेकवून डोकं खाली करून तिरक्या लोंबतात. गप्पी आणि गॅम्बुशिया यांची अंगकाठी याच जागेसाठी घडल्यासारखी आहे. डोकं वरून चपटं, तोंड वरच्या बाजूला उघडणारं, आकार इतका लहान की बोटभर खोलीच्या काठावरही शिरता येतं. रोहू-कटल्यासारखा मोठा मासा तिथे पोहोचतच नाही, म्हणून 'आमच्या तळ्यात मासे आहेत तरी डास आहेत' ही तक्रार अगदी खरी असू शकते.

मासे सोडले त्या दिवशी जे डास आधीच उडत आहेत ते पुढे दोन-तीन आठवडे राहणारच. आणि तुमच्या हौदातली पैदास थांबली तरी चार घरं पलीकडच्या टाकीतून डास येणार. एडिस सहसा जन्मल्या जागेच्या शे-दोनशे मीटर परिसरात राहतो. क्युलेक्स त्याहून बराच लांब जातो. त्यामुळे एका हौदाचा परिणाम बिछान्यात पडल्यावर कानाशी जाणवेलच असं नाही. परिणाम मोजायचा तो हौदातच.

तो मोजायची रीत सोपी आहे. एक पांढऱ्या रंगाची मोठी पळी किंवा वाटी घ्या, काठाजवळ पाण्याच्या पृष्ठभागाला तिरकी लावून झटकन पाणी उचला आणि बघा. सावली पडली की अळ्या तळाशी जातात, म्हणून सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं. कोपऱ्यांतून, शेवाळाच्या कडेने, सावलीतून अशा आठ-दहा पळ्या घ्यायच्या. मासे सोडण्याआधी एकदा आणि नंतर दर आठवड्याला. एक खूण लक्षात ठेवा : बारीक, केसाएवढ्या अळ्या अधूनमधून दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, डास अंडी घालतच राहणार. पण स्वल्पविरामासारखे वाकडे, टुणटुण उड्या मारणारे कोष सापडले तर मासे काम करत नाहीत हे नक्की. कोष म्हणजे दोन दिवसांत उडणारा डास. मी पाहणीला गेलो की अळ्यांच्या संख्येपेक्षा कोष आहेत की नाहीत, हेच आधी पाहतो.

कोष दिसण्याची कारणं बहुधा ठरलेली असतात. सगळ्यात मोठं कारण वनस्पती. जलपर्णी, दाट शेवाळ, काठावरून पाण्यात लोंबणारं गवत यांच्या जाळ्यात अळ्या सुरक्षित राहतात आणि मासा बाहेरून फिरत राहतो. मासे सोडण्याआधी काठ साफ करणं हे निम्मं काम आहे, आणि नेमकं तेच टाळलं जातं कारण त्यात अंग मोडतं. दुसरं कारण, कौतुकाने घातलेलं खाणं. हौदातल्या माशांना कुणी रोज पोळीचे तुकडे, पीठ, मुरमुरे घालत असेल तर ते अळ्यांच्या मागे कशाला लागतील? तिसरं, त्याच पाण्यातला दुसरा मासा. तिलापिया, मरळ, मागूर असे मासे गप्पींना सहज गट्टम करतात. चौथं, ब्लीचिंग पावडर. नळाचं पाणी भरल्यावर क्लोरीन उडून जायला एक-दोन दिवस उघडं ठेवावं लागतं, त्याआधी मासे टाकले की संध्याकाळपर्यंत पोटं वर.

आता संख्या. 'एक गॅम्बुशिया दिवसाला 100 ते 300 अळ्या खातो, गप्पी 80 ते 100' हे आकडे प्रत्येक माहितीपत्रकात असतात. ते खोटे नाहीत, पण ते काचेच्या भांड्यात फक्त अळ्या ठेवून काढलेले आहेत. बाहेरच्या पाण्यात माशाला पाणपिसवा (पाण्यातले सूक्ष्म प्राणी), शेवाळ, किडे, स्वतःच्या जातीची पिल्लं असं बरंच काही मिळतं आणि अळ्यांचा वाटा कमी होतो. म्हणून त्या आकड्यांनी गुणाकार करून मासे ठरवू नका. मोठ्या पाण्यासाठी आपल्याकडे काठाच्या दर मीटरला 5 ते 10 मासे असा हिशेब धरतात. तो क्षेत्रफळावर नसून काठावर आहे याला कारण आहे : अळ्या काठाशी असतात, मध्यावर लाटा आणि वारा त्यांना टिकू देत नाहीत. तुमच्या हौदाला पहिल्यांदा दहा-पंधरा गप्पी पुरतात. त्यात एका नराला दोन-तीन माद्या असं प्रमाण ठेवा. पुढची संख्या ते स्वतः वाढवतील.

गप्पी अंडी घालत नाही, पिल्लं देतो. सुमारे चार आठवड्यांनी मादी पुन्हा वितेल, पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतील. नर छोटा आणि रंगीत, मादी मोठी, मळकट आणि पोटाला गर्भाचा काळा डाग असलेली. मोठे मासे स्वतःचीच पिल्लं खातात, त्यामुळे पैदास करायच्या टाकीत थोडी पाणवनस्पती ठेवावी, म्हणजे पिल्लांना लपायला जागा होते. हो, कामाच्या हौदात वनस्पती नको आणि पैदाशीच्या टाकीत हवी, यात विसंगती नाही. दोन टाक्यांचा हेतूच वेगळा आहे.

मत्स्यालयासाठी विकले जाणारे लांब झुपकेदार शेपटीचे गप्पी या कामाला घेऊ नका. ते दिसायला छान, पण पोहायला मंद आणि तब्येतीने नाजूक. साधे, आखूड शेपटीचे, फारसे देखणे नसलेले गप्पीच टिकतात. ते मिळण्याची उत्तम जागा म्हणजे आधीच गप्पी असलेला दुसरा बंदिस्त हौद किंवा आरोग्य विभागाचं पैदास केंद्र. आणताना प्लास्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि वर हवा ठेवा, गर्दी करू नका, उन्हात ठेवू नका. पोहोचल्यावर पिशवी तशीच हौदाच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, मग थोडं थोडं हौदाचं पाणी तिच्यात घाला आणि माशांना आपणहून बाहेर जाऊ द्या. सोडल्यावर पहिल्या दिवशी जे मासे मरतात त्यांतले बरेचसे या घाईनेच मरतात.

गप्पी आणि गॅम्बुशिया यांच्यात निवड करायची तर फरक असे. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि त्रिनिदादचा. घाण पाणी तो चांगलंच सोसतो, सांडपाण्याच्या संथ गटारातही तगतो. मात्र काळं, बुडबुडे येणारं, पूर्ण कुजलेलं पाणी त्यालाही जमत नाही, आणि थंडी मानवत नाही. गॅम्बुशिया अमेरिकेच्या दक्षिण भागातला. त्याला तुलनेने स्वच्छ पाणी लागतं, पण थंडी तो गप्पीपेक्षा कितीतरी जास्त सोसतो आणि खातोही जास्त. निव्वळ खादाडपणावर निवड केली तर गॅम्बुशिया जिंकतो, आणि सुमारे शंभर वर्षांपूर्वी जगाने नेमकी तशीच निवड केली.

1905 मध्ये टेक्सासमधून गॅम्बुशिया हवाईला नेला गेला. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला तो स्पेनमार्गे इटलीत पोहोचला, इटलीतून 1925 मध्ये काळ्या समुद्राकाठच्या अबखाझियात आणि 1928 मध्ये भारतात आला. गप्पी त्याआधीच, 1908 मध्ये, भारतात आलेला होता. डीडीटी हे कीटकनाशक अजून यायचं होतं आणि हिवतापाने माणसं मरत होती, तेव्हा फुकट काम करणारा मासा कोणाला नको होता! रशियात सोचीतल्या ॲडलरमध्ये या माशाचं स्मारक उभारलेलं आहे. तिथल्या दलदली कोरड्या करणं आणि रोग्यांवर औषधोपचार हेही त्याच काळात चालू होतं, पण स्मारक माशाचं झालं. दलदलीतला चर खणणाऱ्याचं स्मारक कुठे आहे म्हणा.

उलट बाजू ऑस्ट्रेलियाची. तिथे 1920 च्या दशकात याच हेतूने आणलेला गॅम्बुशिया आज क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये कायद्याने उपद्रवी मासा ठरवलेला आहे. क्वीन्सलँडच्या आतल्या भागात काही झऱ्यांच्या उथळ पाण्यात लाल परांचा, जेमतेम 2-3 सेंटिमीटरचा एक निळ्या डोळ्यांचा मासा राहतो. जगात दुसरीकडे कुठेच नाही. गॅम्बुशिया एकेका झऱ्यात शिरला आणि तो मासा तिथून नाहीसा होत गेला. गॅम्बुशिया इतर माशांची पिल्लं आणि अंडी खातो, बेडकांचे डिंभ खातो, मोठ्या माशांचे पर कुरतडतो. शिवाय तो पाणपिसवांसारखे सूक्ष्म प्राणी फस्त करतो. ते प्राणी शेवाळ खाऊन पाणी नितळ ठेवत असतात, ते गेले की पाणी हिरवं होतं. आणखी वाईट म्हणजे चतुराच्या अळ्या, पाठीवर पोहणारे पाणढेकूण असे डासांचे स्थानिक शत्रूही त्याच्या तोंडी जातात. म्हणजे काही पाण्यांत तो डासांच्या शत्रूंनाच मारून बसतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सर्वांत घातक 100 आक्रमक जातींच्या यादीत तो आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1982 पासून तो नव्या ठिकाणी नेण्याची शिफारस करणं थांबवलं.

गप्पीला या बाबतीत लोक सोवळा समजतात, तसा तो नाही. मादी नराचं वीर्य महिनोन् महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे एकटी गाभण मादी ओढ्यात पडली तरी नवी वस्ती उभी राहू शकते. जगातल्या अनेक देशांत गप्पी असाच पसरला आहे. म्हणूनच तुमच्या हौदाचा सांडवा ओढ्याकडे जातो का हे मासे आणण्याआधी पाहा. जात असेल तर तोंडाला बारीक जाळी बसवा, पिल्लं अर्ध्या सेंटिमीटरहून थोडीच मोठी असतात हे धरून. जाळी टिकणार नसेल तर गप्पीचा नाद सोडा आणि बीटीआय वापरा. बीटीआय म्हणजे एका मातीतल्या जिवाणूपासून बनवलेलं अळीनाशक. ते डासांच्या अळ्यांना मारतं, माशांना काही करत नाही. माशांसोबत ते वापरायलाही हरकत नाही.

विहिरीचं वेगळं. वापरात नसलेली, उघडी, जाळी बसवता न येणारी विहीर हे गप्पीचं उत्तम ठिकाण. पाणी बंदिस्त, पुराचा धोका कमी, काठावर झाडोरा कमी. कर्नाटकातल्या खेड्यांत विहिरींमध्ये गप्पी आणि तळ्यांमध्ये गॅम्बुशिया सोडून हिवतापाच्या डासांवर केलेलं काम आपल्याकडच्या चांगल्या उदाहरणांपैकी एक आहे, आणि त्याला यश यायचं एक कारण म्हणजे तिथे डास मुख्यतः याच पाण्यांत वाढत होते हे आधी शोधून काढलं होतं. पण विहिरीचं पाणी पिण्यासाठी जात असेल तर ब्लीचिंग पावडर टाकावीच लागेल आणि तिने मासे मरतील. तिथे शुद्धीकरण आधी, मासे नंतर. तोंडावर जाळी बसवून अंडी घालणाऱ्या माद्यांची वाटच बंद करणं जास्त बरं. पिण्याच्या टाकीचंही तसंच. कंबोडियात घरोघरच्या पाण्याच्या मोठ्या रांजणांत गप्पी ठेवून एडिसच्या अळ्या खूप कमी झाल्याचं दिसलं आहे, पण मासा त्याच पाण्यात विष्ठा टाकतो हे विसरू नये. घट्ट झाकण बसत असेल तर मासा कशाला?

डबक्यात नको म्हणालो, कारण ते आटणार. पाणी आटताना मासे मरतात, पुन्हा पाऊस झाला की डास दोन दिवसांत अंडी घालायला हजर, आणि मासे नाहीत. असं पाणी बुजवा, चर काढून वाट द्या, तोवर बीटीआय टाका. पाऊस मोठा झाला आणि डबकं फुटून ओढ्याला मिळालं तर आपण नको म्हणतोय तेच घडतं.

डेंग्यूसाठी गप्पी सोडावेत का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो. एडिसची बहुतेक पैदास कुंडीखालच्या ताटल्या, टायर, डबे, कूलरचा तळ, गच्चीवर पडलेली प्लास्टिकं यांत होते. वाटीभर पाण्यात मासा जगत नाही. त्यात एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात, म्हणून पाणी ओतून भागत नाही, भांड्याच्या कडा घासाव्या लागतात. मोठे हौद, कारंज्यांच्या टाक्या, बंद पडलेले जलतरण तलाव इथे मासा उपयोगी. 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या केर्न परगण्यात कर्ज थकल्याने सोडून दिलेल्या घरांचे तलाव हिरवे पडले आणि त्या वर्षी तिथे डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाइल तापाचे रुग्ण वाढले. अशा बंदिस्त, मालक नसलेल्या पाण्यात मासे सोडणं शहाणपणाचंच. मात्र गॅम्बुशिया मूळचा अमेरिकेतला असला तरी त्याच देशाच्या पश्चिम भागात, कॅलिफोर्नियातसुद्धा, तो परकाच आहे.

आजार कमी होतात का, याचं प्रामाणिक उत्तर असं : माशांमुळे त्या त्या पाण्यातल्या अळ्या कमी होतात हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. माणसांमधला हिवताप कमी झाल्याचं भक्कमपणे दाखवणारा अभ्यास 2017 च्या कोक्रेन आढाव्याला (आरोग्यविषयक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) मिळाला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. गावात पैदाशीची पन्नास ठिकाणं असताना सातांत मासे सोडून 'गप्पी मासे सोडण्याचा कार्यक्रम संपन्न' असा फोटो काढला तर रोगी कसे कमी होतील? उरलेल्या ठिकाणांची यादी कुणाच्या हातात असते का, हे विचारा.

मासे सोडायचेच आणि पाणी नैसर्गिक असेल, म्हणजे जुनं तळं किंवा देवराईतलं कुंड, तर त्या पाण्यात आधीपासून कोण राहतं ते आधी पाहा. ॲप्लोकायलस या गटातले आपले स्थानिक मासे, डोक्यावर चकाकणारा पांढरा ठिपका असलेले, अगदी पृष्ठभागालगत तरंगत अळ्या टिपतात. दांडवणसारखे छोटे मासेही अळ्या खातात. बऱ्याच वेळा ते तिथे असतातच, फक्त जलपर्णीने त्यांना काठापर्यंत पोहोचू दिलेलं नसतं. अशा ठिकाणी पाण्यात काही घालण्याऐवजी काढा : जलपर्णी, कचरा, निर्माल्य.

औषध फवारणीबद्दल एक सूचना. डासांच्या धुरळणीत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अतिशय विषारी असतात. हौदाजवळ धुरळणी होणार असेल तर त्या वेळेपुरता हौद झाकायला सांगा. आणि पाण्यावर जळकं ऑइल टाकायची जुनी पद्धत माशांसोबत चालत नाही. मासेही त्याच वरच्या थरातलं पाणी कल्ल्यांवरून नेऊन श्वास घेतात. सकाळी सगळे गप्पी तोंड वर करून पृष्ठभागाशी जमलेले दिसले तर ते अळ्या शोधत नसून पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे. अर्धं पाणी बदला आणि तळाचा गाळ काढा.

सहा महिन्यांनी हौदात मासे जास्त होतील. ते दुसऱ्या बंदिस्त हौदासाठी शेजाऱ्याला द्या, नाहीतर पैदास केंद्राला परत करा. हौद धुताना किंवा घर बदलताना मासे वाचवण्याच्या चांगल्या मनाने बादली ओढ्यात रिकामी करणारे लोक फार असतात. धुण्याआधी जाळीने मासे काढून घ्या आणि उरलेलं पाणी झाडांना घाला, ओढ्याकडच्या गटारात नको.